काऊच टू ५के संपलं, आता पुढे काय? रनिंग सुटू नये म्हणून काय काय करायचं

काऊच टू ५के, म्हणजे सोफ्यावरच्या माणसाला नऊ आठवड्यांत ५ किलोमीटर पळण्यापर्यंत आणणारा प्रोग्राम. त्याच्या नवव्या आठवड्याचा शेवटचा रन झाला, अ‍ॅपवर सगळीकडे हिरव्या टिका दिसल्या, घामेजलेला सेल्फी स्टेटसला पडला, ऑफिसातले चार जण "भारीच की" म्हणाले, मामेबहिणीने "मला पण सांग ना कसं केलंस" असं विचारलं. आणि मग पुढच्या मंगळवारी अलार्म वाजतो, शूज दाराशीच असतात, पण अ‍ॅप उघडलं तर त्यात आज करायला काहीच नाही. मग वाटतं जाऊ दे, आज आराम, उद्या बघू. उद्या पाऊस असतो, परवा मीटिंग असते, आणि महिन्याभराने कोणी विचारलं की आपण सांगतो "हो, मी पण पळायचो मध्ये".

आजूबाजूला हे इतक्या वेळा बघितलंय की आता कोणी नवीन माणूस ग्रुपमध्ये येऊन "माझं काऊच टू ५के झालं" म्हणाला की मी अभिनंदन करतो आणि लगेच विचारतो, पुढच्या मंगळवारी किती वाजता पळणार? उत्तर आलं तर तो टिकतो. "बघू, आता जरा मोटिव्हेशन जमवतो" असं म्हणाला तर अवघड आहे.

प्रोग्राम करताना तुम्ही मोटिव्हेटेड होतात असं तुम्हाला वाटतं, पण नीट आठवून बघा, त्या नऊ आठवड्यांत तुम्हाला काही ठरवावं लागलंच नाही. जॉश क्लार्क नावाच्या माणसाने १९९६ मध्ये हा प्लॅन बनवला तो बरोब्बर आपल्यासारख्या सोफ्यावरच्या लोकांसाठी. पहिल्या दिवशी ६० सेकंद पळा, ९० सेकंद चाला, असं २० मिनिटं. पाचव्या आठवड्याच्या तिसऱ्या दिवशी एकदम सलग २० मिनिटं, जिथे सगळ्यांची फाटते आणि तरी बहुतेकांना जमतं. सातव्यात २५, आठव्यात २८, नवव्यात ३०. म्हणजे आज किती करायचं हे ठरलेलं, गेल्या आठवड्यापेक्षा थोडं जास्त जमतंय हे दिसत होतं, आणि शेवट कुठे आहे ते माहीत होतं. या तिन्ही गोष्टी एकाच दिवशी गेल्या. आता त्या स्वतःला परत उभ्या करायच्यात, बाकी खालचं सगळं त्याचंच तपशीलवार काम आहे.

अजून एक. "आता तर सवय लागलीय, सुटणार कशी" असं वाटत असेल तर थांबा. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या फिलिपा लॅली आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा ९६ जणांवरचा एक अभ्यास २०१० मध्ये छापून आला होता. एखादी रोजची गोष्ट अंगवळणी पडायला मधला आकडा ६६ दिवस निघाला, पण पसारा १८ पासून २५४ पर्यंत होता, आणि पाणी पिण्यासारख्या सोप्या सवयींपेक्षा व्यायामाला जास्त वेळ लागत होता. ते पण रोज करून. तुम्ही नऊ आठवड्यांत पळालात किती वेळा? आठवड्याला तीन, म्हणजे २७ वेळा. सवय अजून कच्ची आहे. त्याच अभ्यासात एक दिलासा पण होता, एखादा दिवस चुकला तर एकूण सवयीवर फारसा फरक पडत नव्हता. हे लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल.

पहिले तीन-चार आठवडे: काहीही वाढवू नका

हे ऐकून लोक नाराज होतात. ३० मिनिटं झाली की सगळ्यांना डायरेक्ट १० किलोमीटर दिसायला लागतं, किंवा सोळाव्या मजल्यावरचा तो कोण शेजारी असतो ना, जो २५ मिनिटांत ५ किलोमीटर मारतो, त्याला गाठायचं असतं. आणि नेमका याच काळात गुडघा किंवा नडगी बोंबलते. कारण दम लवकर वाढतो, हृदय आणि फुफ्फुसं दोन महिन्यांत बरीच सुधारतात, पण स्नायुबंध, कंडरा आणि हाडं यांना त्याच्या कितीतरी पट वेळ लागतो. तुम्हाला वाटतं अजून जमेल, पायांचं मत वेगळं असतं.

म्हणून नववा आठवडाच पुन्हा करायचा. आठवड्यातून तीन दिवस, ३० मिनिटं, आधी पाच मिनिटं भराभर चालणं आणि शेवटी पाच मिनिटं हळू चालणं. असे तीन आठवडे, वाटलं तर चार. ते आता जरा सोपं लागेल आणि तेच हवंय. पहिल्यांदाच पळणं म्हणजे परीक्षा नाही असं वाटायला लागतं.

इथे एक शंका हमखास येते. "माझी ३० मिनिटं झाली पण ५ किलोमीटर झालेच नाहीत, ३.७ च होतात, म्हणजे माझं पूर्ण झालं का नाही?" झालं. किलोमीटरला ८ मिनिटं लागत असतील तर ३० मिनिटांत पावणेचारच होणार, साधं गणित आहे. ५ किलोमीटर करायला तुम्हाला त्याच वेगाने ४० मिनिटं लागतील. तर वेग वाढवून ३० मिनिटांत कोंबायच्या भानगडीत पडू नका, चौथ्या-पाचव्या आठवड्यापासून मिनिटं वाढवत ४० ला जा. हेच तुमचं पुढचं टार्गेट, आयतं मिळालं.

वार आणि वेळ घरच्यांबरोबर बसून ठरवा

"आठवड्यातून तीनदा पळेन" याला काही अर्थ नाही. "मंगळवार, गुरुवार सकाळी सहा, रविवारी साडेसहा" याला आहे. आणि हे एकट्याने ठरवू नका. घरात सकाळी सहा ते आठ हा वेळ कोणाच्या तरी जिवावर चाललेला असतो. डबे, पोरांची स्कूल व्हॅन, नळाला पाणी यायची वेळ, आईची बीपीची गोळी, दूधवाला. नऊ आठवडे घरच्यांनी "चला, दोन महिन्यांचं खूळ आहे" म्हणून सांभाळून घेतलेलं असतं. आता हे कायमचं आहे म्हटल्यावर त्यांना पण हिशोब हवा. मंगळवारी मी नाहीये, त्या बदल्यात बुधवारी डबे माझ्याकडे, असं स्पष्ट बोला. विशेषतः पुरुषांनी, कारण बाईने पळायला जायचं तर ती पाचला उठून भाजी टाकून जाते आणि नवरा पळायला गेला की घर त्याच्याभोवती फिरतं, हे मी बऱ्याच घरांत बघितलंय आणि मला ते पटत नाही.

सकाळ जमत नसेल तर संध्याकाळ. सकाळीच पळालं तर खरं असं काही नाही. सेकंड शिफ्टवाले, नर्सिंगमधले, आयटीत रात्री अमेरिकेशी बोलणारे, यांनी पहाटे पाचच्या गोष्टी ऐकून स्वतःला आळशी ठरवू नये. झोप कापून पळणं फार दिवस चालत नाही.

आणि एक पर्यायी दिवस ठेवा. मंगळवार गेला तर बुधवार. बुधवार पण गेला तर तो रन गेला, सोडून द्या, गुरुवारी दोन्हीचं मिळून तासभर पळू नका. एक चुकला तर काही बिघडत नाही, मगाशी म्हटलं तसं. माझा स्वतःचा नियम आहे लागोपाठ दोन चुकवायचे नाहीत. ताप असेल किंवा लग्नघर असेल तर गोष्ट वेगळी.

फारच कंटाळा आला असेल तर दहा मिनिटांचा सौदा करा. कपडे घालायचे, बाहेर पडायचं, दहा मिनिटं पळायचं, तरी नको वाटलं तर चालत घरी. दहा मिनिटांनंतर परत फिरणारे फार कमी असतात, आणि फिरलात तरी रन धरायचा.

हळू पळा. अजून हळू.

पळणं सोडलेल्या लोकांना खोदून विचारलं तर वेळ नाही, पाऊस, ऑफिस हे सगळं आधी येतं, आणि मग खरं येतं: "यार, प्रत्येक वेळी जीव जातो". आठवड्यातून तीनदा जीव जाणार असेल तर कोण जाईल? मी पण नाही जाणार.

नवीन माणूस नेहमी त्याच्या लायकीपेक्षा जोरात पळत असतो. त्याला हळू पळायची लाज वाटते, कारण बाजूने भरतीची पोरं सुसाट जात असतात. तालुक्याच्या कुठल्याही ग्राउंडवर सकाळी जा, पोलीस भरतीची तयारी करणारी पोरं-पोरी दिसतील. पोरांना १६०० मीटर आणि पोरींना ८०० मीटर ठराविक वेळात मारायचे असतात, मार्क त्यावर असतात, त्यांच्या भाकरीचा प्रश्न आहे. तुमचा नाहीये.

किती हळू? आमच्या ग्रुपमधले एक काका, सत्तरीला टेकलेत, नवीन माणसाबरोबर पुण्यातल्या तळजाई टेकडीवर पळताना मध्येच म्हणतात, "अहो, तेराचा पाढा म्हणा बघू." तो बिचारा तेर एके तेर, तेर दुणे सव्वीस करत जातो, आणि एकोणचाळीसला धाप लागली की काका म्हणतात, "जोरात चाललाय तुम्ही, हळू घ्या." पाढा न अडखळता पूर्ण म्हणता आला (पाढा येत असेल तर, तो वेगळा विषय) की तो तुमचा इझी वेग. वाक्य तुटत असेल तर वेग जास्त. घड्याळातल्या हार्ट रेटपेक्षा मला हे जास्त भरवशाचं वाटतं, मनगटावरचे सेन्सर घामाने आणि सैल पट्ट्याने काहीही दाखवतात.

हळू म्हणजे मध्ये चाललं तरी चालतं का? चालतं. जेफ गॅलोवे नावाचा अमेरिकन धावपटू, १९७२ च्या म्युनिक ऑलिंपिकमध्ये १०,००० मीटर पळालेला, त्याने थोडं पळा थोडं चाला ही पद्धत लोकप्रिय केली आणि त्या पद्धतीने लोक मॅरेथॉन पूर्ण करतात. चार मिनिटं पळा, एक मिनिट चाला. प्रोग्राममध्ये सलग पळायला शिकलात म्हणून आता चालणं म्हणजे मागे जाणं असं डोक्यात घेऊ नका.

मग तिन्ही रन वेगळे करा

चौथ्या-पाचव्या आठवड्यापासून कंटाळा यायला लागतो. तोच रस्ता, तीच ३० मिनिटं, तोच रसवंतीचा बोर्ड. प्रोग्राममध्ये दर आठवड्याला काहीतरी नवीन असायचं, ते आपणच आणायचं.

मंगळवारचा रन इझी. ३० मिनिटं, पाढेवाला वेग, डोक्याला ताप नाही. पॉडकास्ट ऐका, काय वाट्टेल ते.

गुरुवारचा खेळाचा. पहिली दहा मिनिटं हळू, मग पुढे दिसेल त्या विजेच्या खांबापर्यंत जरा जोरात, पुढचे दोन खांब एकदम हळू किंवा चालत. असं सहा-आठ वेळा, मग परत हळू. जोरात म्हणजे जीव खाऊन नाही, मागून बस येतेय आणि स्टॉप पन्नास पावलांवर आहे तेवढं. स्वीडनमध्ये या प्रकाराला फार्टलेक म्हणतात, ग्रुपमध्ये कोणीतरी हा शब्द वापरणारच आणि पोरं हसणारच. एखाद्या गुरुवारी खांबांऐवजी चढ घ्या, चढावर वेग आपोआप कमी राहतो आणि पाय मजबूत होतात. चढ पळत, उतार चालत, कारण उतारावर गुडघ्यांना जास्त दणका बसतो.

रविवारचा लांब. हाच वाढवायचा, बाकीचे दोन नाही. ३० चे ३५, मग ४०, मग एक आठवडा परत ३०, मग ४५, मग ५०, परत एक आठवडा ३५. दोन आठवडे पुढे गेलं की एक मागे. दर आठवड्याला दहा टक्क्यांपेक्षा जास्त वाढवू नये असा एक नियम सगळीकडे सांगतात, तो काही दगडावरची रेघ नाही, पण आपल्यासारख्यांना तोल राहावा म्हणून ठीक आहे. अडीच-तीन महिन्यांत रविवारी तासभर आरामात होतं. तासाभरात तुम्ही सात-साडेसात किलोमीटर जाताय, आणि हे तुम्हाला कधी झालं ते कळत पण नाही.

चौथा दिवस वाढवायचा का? पहिले तीन महिने नको. त्या दिवशी सूर्यनमस्कार घाला, उठाबशा काढा, जिन्याच्या पायरीवर उभं राहून टाचा वर-खाली करा पंधरा-पंधरा वेळा. पोटऱ्या आणि मांड्या तयार असल्या की अर्ध्या दुखण्यांचा विषयच येत नाही.

रस्ता बदला

हे कमी लोक करतात आणि याचा फरक सगळ्यात लवकर दिसतो. पुण्यात असाल तर आठवड्यातून एकदा तरी टेकडी, वेताळ, तळजाई, हनुमान, जवळ पडेल ती. माती पायाला बरी आणि टेकडीवर वेग बघायची सोयच नसते त्यामुळे डोकं शांत. मुंबईत मरीन ड्राइव्हचा कट्टा साधारण साडेतीन किलोमीटरचा आहे, जाऊन-येऊन तुमचा लाँग रन झाला, शिवाजी पार्कच्या फेऱ्या आहेत, बोरिवलीकरांना नॅशनल पार्क आहे ज्याचा मला कायम हेवा वाटतो, ठाण्याला उपवन आणि येऊर. नाशिकला गोल्फ क्लबचा ट्रॅक, कोल्हापूरला रंकाळा, नागपूरला सेमिनरी हिल्स, अंबाझरी. गोव्यात मिरामारच्या ओल्या कडक वाळूवर पळा, मऊ वाळूत नको, पोटऱ्या भरतात.

सोसायटीच्या आतल्या सिमेंटच्या फेऱ्यांवर मात्र रोज पळू नका. कडक जमीन, सारखं एकाच बाजूला वळणं, आणि विसावी फेरी मारताना वॉचमनला पण आपली दया येते. रात्री उशिरा किंवा पहाटे अंधारात दुसरा इलाजच नसेल तर निदान दिशा बदलत राहा.

बायकांसाठी रस्ता निवडणं ही वेगळीच गोष्ट आहे, उजेड आहे का, माणसं आहेत का, कोपऱ्यावर कोण बसलेलं असतं, हे आधी बघावं लागतं. ज्यांना एकटं जाणं नको वाटतं त्यांनी जोडी शोधावी किंवा सकाळी चालायला येणाऱ्या आजी-आजोबांच्या गर्दीची वेळ धरावी. "लोक बघतात" हे पहिले काही दिवस खरं असतं, नंतर लोकच ओळखीचे होतात आणि दोन दिवस दिसला नाहीत तर विचारतात.

आणि कुत्री. मागे लागलं तर पळणं थांबवा, डोळ्यात बघू नका, हळूहळू चालत लांब जा, पाठ दाखवून सुसाट सुटू नका. चावलंच तर साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटं जखम धुवायची आणि त्याच दिवशी इंजेक्शनला जायचं, हळद-चुना लावत बसायचं नाही.

माणसं

एकट्याने वर्षभर पळणारे असतात, पण ते आपण नसण्याचीच शक्यता जास्त. कोणीतरी कोपऱ्यावर सहा वाजता वाट बघतंय म्हटल्यावर पांघरूण आपोआप बाजूला होतं. ते कोणी तुमच्याच वेगाचं असलं पाहिजे एवढंच. नवरा-बायको एकत्र पळतात आणि एकाचा वेग जास्त असतो तिथे तिसऱ्या दिवशी भांडण होतं, त्यापेक्षा एकत्र निघा, एकत्र परत या, मध्ये आपापलं.

जवळपास प्रत्येक शहरात रनिंग ग्रुप आहेत, बरेचसे फुकट, आणि नवीन माणसाला सांभाळून घेतात. जाऊन बघा, दोन रविवार गेलात की कळतं. ज्या ग्रुपमध्ये सगळ्यात मागच्या माणसासाठी कोणीतरी थांबतं तो चांगला. जिथे पळण्यापेक्षा बॅनरबरोबरचे फोटो आणि नंतरची मिसळ मोठी असते, तो पण वाईट नाही, फक्त मिसळीच्या कॅलरीचा हिशोब मांडू नका. बाहेरदेशी असाल, लंडन, सिडनी, सिंगापूर वगैरे, तर शनिवारी सकाळची पार्करन सोडू नका. २००४ मध्ये लंडनच्या बुशी पार्कमध्ये १३ जणांनी सुरू झालेली गोष्ट आहे, ५ किलोमीटर, एक पैसा लागत नाही, चालत केलं तरी चालतं. काऊच टू ५के झालेल्यांसाठी याच्यापेक्षा सोयीचं काही नाही.

स्ट्राव्हा, म्हणजे रनची नोंद ठेवणारं आणि दुसऱ्यांचे रन पण दाखवणारं अ‍ॅप, त्याबद्दल माझं मत जरा वाकडं आहे. नोंद ठेवायला उत्तम. पण दुसऱ्यांचे आकडे बघून सकाळचा इझी रन जोरात मारायला लागलात तर अ‍ॅप महिनाभर काढून टाका. भिंतीवरच्या कालनिर्णयमध्ये दुधाचा हिशोब असतो ना, त्याच चौकोनात पेनाने मिनिटं लिहा. ३०, ३०, ४०. महिना उलटताना ते आकडे घरातल्या सगळ्यांना दिसतात, आणि रिकामे चौकोन पण दिसतात.

रेस लावा, पण बेताची

समोर तारीख असली की मंगळवार आपोआप होतो. आपल्याकडे सीझन साधारण पावसाळ्याच्या शेवटापासून फेब्रुवारीपर्यंत. पुण्याची इंटरनॅशनल मॅरेथॉन १९८३ पासूनची, मुंबईची जानेवारीतली २००४ पासूनची. मुंबईतली ड्रीम रन सहा किलोमीटरच्या जवळपासची असते, वेळ मोजत नाहीत, रंगीबेरंगी वेशभूषा आणि गर्दी, मजा येते पण तिथे पळायला जागा मिळेल अशी अपेक्षा ठेवू नका. पळायचंच असेल तर टायमिंग चिपवाली (चिप तुमची वेळ मोजते) १० किलोमीटर बघा, आणि ती प्रोग्राम संपल्यापासून निदान तीन महिन्यांनंतरची. मोठ्या रेसचं रजिस्ट्रेशन काही महिने आधी उघडतं आणि लवकर भरतं, त्यामुळे नोव्हेंबरात जाग येऊन उपयोग नाही. गावोगावी छोट्या रेस पण भरपूर असतात, पहिल्यासाठी त्याच बऱ्या, पार्किंगपासून स्टार्टपर्यंत दोन किलोमीटर चालावं लागत नाही.

साताऱ्याची हिल हाफ मॅरेथॉन, २०१२ पासूनची, यवतेश्वरचा घाट चढून परत उतरायचा, २१ किलोमीटर. फोटो बघून सगळ्यांना लगेच करायची असते. पुढच्या वर्षी. खरंच पुढच्या वर्षी.

रेस झाली की परत तीच पोकळी येते, मेडल खिळ्याला आणि शूज माळ्यावर. त्यामुळे रेसच्या आधीच तिच्यानंतरच्या तीन आठवड्यांचं लिहून ठेवा: पहिला आठवडा फक्त चालणं, दुसरा दोन इझी रन, तिसऱ्यात नेहमीचा मंगळवार-गुरुवार-रविवार.

हवा, शूज, दुखणं

पावसाळ्यात पळता येतं, छान पळता येतं, फक्त शेवाळलेले पेव्हर ब्लॉक आणि पाण्याखालचे खड्डे टाळायचे, वीज कडाडत असेल तर घरात. ओले शूज उन्हात नका ठेवू, आतले इनसोल काढा आणि वर्तमानपत्र कोंबा, दुसऱ्या दिवशी बऱ्यापैकी सुकतात. कोकणपट्टीत दमटपणामुळे घाम उडत नाही, अंग थंड होत नाही, त्यामुळे त्याच वेगाला दम जास्त लागतो. ऑक्टोबर आणि एप्रिल-मेमध्ये किलोमीटरमागे अर्धं-पाऊण मिनिट जास्त लागलं तर तुमचा फिटनेस गेलेला नसतो, हवा बदललेली असते. उन्हाळ्याला शरीर जुळवून घ्यायला दहा-चौदा दिवस घेतं, तोवर कमी पळा. आल्यावर लिंबू सरबत मीठ घालून किंवा कोकम, काम होतं, ५० मिनिटांच्या रनला महागड्या पावडरी लागत नाहीत.

शूज साधारण ५०० ते ८०० किलोमीटर चालतात. तुमचे आठवड्याला बारा-तेरा किलोमीटर होत असतील तर वर्षभराच्या आत त्यांच्याकडे बघायची वेळ येते. वरून चकाचक दिसले तरी आतला फोम बसलेला असतो.

दुखण्याचं असं, दोन्ही पोटऱ्या भरल्यात, जिना उतरताना मांड्या ओरडतायत, हे चालतं, एक-दोन दिवसांत जातं. एकाच जागी बोट ठेवून दाखवता येणारं दुखणं, जे पळताना वाढत जातं किंवा ज्याने चाल बदलते, ते चालत नाही. तिथेच थांबा, आठवडाभर सायकल किंवा पोहणं, नाही गेलं तर फिजिओकडे. नडगीच्या हाडावर दाबून दुखत असेल तर हट्ट करू नका. छातीत दाब, चक्कर, डाव्या हाताला कळ असं काही झालं तर मात्र रन-बिन सगळं बाजूला आणि सरळ हॉस्पिटल. चाळिशीच्या पुढचे, शुगर-बीपीवाले यांनी लांबी वाढवायच्या आधी डॉक्टरांशी बोलून घ्या.

सुटलंच तर

सुटणार. गणपतीत सुटेल, दिवाळीच्या फराळात सुटेल, पोरांच्या परीक्षेत, ऑडिटमध्ये, डेंग्यूत. परत कुठून सुरू करायचं हे आधीच माहीत असलं की "आता परत पहिल्यापासून" या भीतीने आणखी महिना जात नाही.

आठवडाभर गेला असेल तर काहीच झालेलं नाही, होता तिथून सुरू करा, फक्त पहिला रन इझी ठेवा. दोन-तीन आठवडे गेले असतील तर दम थोडा उतरलेला असतो, २० मिनिटांनी सुरुवात, गरज वाटली तर मध्ये चालत, आठवडाभरात २५, मग ३०. महिना-दीड महिना गेला असेल तर प्रोग्रामचा पाचवा आठवडा उघडा आणि तिथून या. तीन महिन्यांहून जास्त असेल तर तिसरा. पहिल्यापासून बहुधा लागत नाही. यावेळी आठवडे भराभर सरकतात, एकेक आठवडा दोन रनमध्ये उरकला तरी पायांची तक्रार नसेल तर चालतं. आजारपणानंतर मात्र, विशेषतः तापानंतर, ताप पूर्ण जाऊन काही दिवस होऊ द्या, आधी नुसतं चालून बघा, डेंग्यू-टायफॉइड असेल तर डॉक्टर हो म्हणेपर्यंत नाही.

सुरू करायची तारीख पण "सणवार झाले की" अशी ठेवू नका. विसर्जनाच्या मिरवणुकीत आदल्या रात्री पायांचे तुकडे पडलेले असतील तर ते दोन दिवस सोडा, त्यानंतर येणारा पहिला मंगळवार किंवा गुरुवार, सकाळी सहा, वीस मिनिटं. कॅलेंडरवर आत्ताच लिहा आणि कोपऱ्यावर येणाऱ्या माणसाला मेसेज टाकून ठेवा.